उर्दूत झालेलं बोलणं

भालकी,
ता. ९ फेब्रुवारी १९८८

चि. शोभास,

आजोबाचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे. ऊस कारखान्याला गेला, तुझ्या बापाची दगदग सरली. पुण्यात थंडी असेल, कान बांधून हिंडत जा.

तुझ्या एम.ए.च्या प्रबंधातलं आजीवरचं प्रकरण मिळालं. दोनदा वाचलं. वैद्यकीय नीतिशास्त्र म्हणजे काय ते थोडं उमगलं: दुखणं ज्याचं, त्याला ते आधी ठाऊक असावं. तुझं अक्षर सुरेख आहे. कंपाउंडर कल्लप्पाला तू चार पानं दिलीस, मला दीड. असो.

लिहिलंस ते खोटं न्हाई. डॉक्टर हैदराबादचे. तुझी आजी समोर बसलेली, आणि आम्ही दोघं उर्दूत बोललो. निजामाच्या शाळेत शिकलेली भाषा त्या दिवशी बायकोपासून कॅन्सर लपवायला कामी आली. तिला सांगितलं, पोटात उष्णता आहे. ती व्हय म्हणाली. दुसऱ्या दिवशी औषध आणायला एकटी गेली आणि डॉक्टरांच्या कल्लप्पाला सरळ विचारलं. त्यानं सरळ सांगितलं.

पुढं चार महिने रोज संध्याकाळी मी तिला शाळेच्या पुस्तकातल्या कविता वाचून दाखवल्या. पाखरांच्या, ओढ्याच्या. मरणाचं कडवं आलं की गाळायचो. "कामून थांबलाव, वाचा की," म्हणायची. मला वाटायचं, हिला काही ठाव न्हाई.

कॅन्सर जाळायचा विजेचा शेक घ्यायला हैदराबादला यायला ती तयार झाली न्हाई. प्रवासाला भिते, असं मी धरून चाललो. तेराव्याला कल्लप्पा ओसरीवर बसून म्हणाला, "गुरुजी, शेक नको, घरीच राहायचं, असं अक्कानं माझ्याजवळ ठरवलं होतं. तुमाला सांगू नको म्हणली. तुमचं वाचणं थांबंल म्हणून."

सतरा वर्षं झाली, त्याच्या दारावरून मी जात न्हाई. लोकांना वाटतं, दुःख. दुःख न्हाई गं. संसार माझ्याशी केला आणि मरणाचं बोलली ती त्याच्याशी. माझं तिनं फक्त ऐकून घेतलं.

प्रबंधात हे घालायला घरच्यांची संमती लागते म्हणून तू पाठवलेला कागद तीन आठवडे तसाच पडून होता. कल्लप्पानं केलं ते बरोबर होतं, हे मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. म्हणूनच सही होत नव्हती. आज केली.

खाली 'रुग्णाचा सर्वांत जवळचा माणूस' अशी रिकामी जागा होती. तिथं मी माझं नाव घातलंय. तुझ्या शास्त्राला पटणार न्हाई. तरी खोडू नकोस.

तुझ्या आजीचा नवरा,
किशनराव