राइस मिलच्या काट्यावर

आठ किलो वजन उतरल्याशिवाय टेकचंदच्या हर्नियाचं ऑपरेशन होणार नव्हतं. तीन महिने तो दर सोमवारी आसगावच्या राइस मिलमध्ये काट्यावर उभा राही आणि घरी येऊन आकडा कॅलेंडरवर लिही. कॅलेंडरवर आठ किलो पुरे उतरले होते; उद्या ऑपरेशनसाठी भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं. आज बायको जमुनाबाई धानाच्या रोवणीला गेल्यावर त्याने चुलीजवळ चिठ्ठी ठेवली.

सुमनच्या मायले,

कॅलेंडरवरचे आकडे खोटे आहेत. दोनच किलो उतरले. तू घरी अर्धा भात वाढायची अन् मी चौकात भजे खायचो. पहिल्या सोमवारी मी उगाच दीड किलो कमी लिहिले, तर तू किती हासली! मंग दर सोमवारी कमीच लिहा लागलं, मागं फिरता येईना. माझ्यासंगं तूही अर्धंच जेवून राहिली. काल धान रोवता रोवता बांधीत तुले चक्कर आली, तवा बाया पुसत होत्या, "काहून वं, घरी खायले नाही का?" मी बांधीच्या धुऱ्यावर उभा होतो, समदं आयकलं. तोंडावर सांगाची हिंमत नाही. डॉक्टरले खरं सांगाले एसटीनं चाललो. उद्याचं ऑपरेशन आता होत नाही. आल्यावर मले शिव्या दे, पण आधी पोटभर जेव.

टेकचंद