टाकीत पाणी : शून्य

३ ऑगस्ट, साक्री
आलो एकदाचा! जामनेरहून एसटीने धुळे, तिथून दुसरी गाडी, आणि साक्रीबाहेरच्या भाईदास आबांच्या पेट्रोल पंपावर समाधानराव मॅनेजर म्हणून रुजू! केळीला पाणी धरण्यापलीकडे तुला काही जमणार नाही, असं वडील म्हणायचे. आता म्हणा! आई तर गावभर सांगत सुटली आहे. पंपामागे खोली मिळाली, खिडकीतून डोंगर दिसतात. जेवायला भाकरी आणि शेवभाजी, अशी झणझणीत की कानातून धूर निघाला. रुपचंद नाना इथले सगळ्यात जुने. पहिल्याच चहाला त्यांनी माझं वजन विचारलं आणि म्हणाले, वारं सुटलं तर खांब धरून उभे राहत जा. चेष्टेखोर माणसं आहेत. करमेल इथं.

५ ऑगस्ट
नानांनी सकाळचं मोजमाप शिकवलं. डिझेलची टाकी जमिनीखाली. झाकण उघडून लांब पट्टी तळापर्यंत सोडायची. पट्टीच्या टोकाला आधी पिवळट पेस्ट फासायची. डिझेल लागलं तर ती तशीच राहते, पाणी लागलं की लाल होते. पाणी जड, तळाशी बसतं. पावसाळ्यात झिरपतंच, म्हणून रोज बघायचं आणि किती सेंटीमीटर ते लिहून सही करायची. पाणी निघालं तर विक्री बंद, आधी उपसा; पाणी मिसळलेलं डिझेल गेलं की गाडी वाटेतच बंद पडते. टँकर उतरवला की तळ ढवळतो, तेव्हाही तासभर कुणाला थेंब द्यायचा नाही. आबांचा सासरा आला तरी नाही, असं नाना म्हणाले. मला हे काम आवडलं. हात मात्र तीनदा धुतले तरी वास जात नाही.

९ ऑगस्ट
आज पेस्ट लाल झाली. साडेचार सेंटीमीटर. नाना अजून यायचे होते. बाजाराचा दिवस, रस्त्यापर्यंत रांग, त्यात टँकर दारात उभा. विक्री थांबवली तर आबा म्हणणार, आल्या आल्या पंप बंद पाडला. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, दुपारी उपसून टाकू. शून्य लिहिलं. टँकर उतरवला आणि लगेच डिझेल द्यायला सुरुवात केली. पहिली आली ती रुग्णवाहिका. चालक झुलालभाऊ घाईत होते, आत बाळंतपणाची बाई, धुळ्याला न्यायची. भरून दिलं. दुपारी नानांनी पाणी उपसलं. माझ्याकडे बघितलं आणि बादल्या धुवायला गेले.

१० ऑगस्ट
रुग्णवाहिका काल नेरच्या पुढे बंद पडली. दुसरी गाडी पोचायला दीड तास लागला. बाळ-बाळंतीण दोघं गेली. भाविका नाव होतं तिचं. बावीस वर्षांची.
मी मारलं का तिला? नाही. गाडी जुनी असेल. गाडी बंद पडायला हजार कारणं असतात.

१६ ऑगस्ट
गाडीची निगा राखली नाही म्हणून झुलालभाऊंना घरी बसवलंय. चौकशीचे साहेब पंपावर आले. आबांनी माझा नऊ तारखेचा कागद पुढे केला: पाणी शून्य, खाली माझी सही. साहेब म्हणाले, इतका नीटनेटका कागद हल्ली बघायला मिळत नाही.
मग झुलालभाऊ स्वतः आले. वाटलं, आता गचांडी धरतात. उलट हात जोडून रडले. बठ्ठी चूक मन्ही शे म्हणाले, सगळी चूक स्वतःवर घेतली; फिल्टर बदलायचा राहून गेला होता. मी त्यांना चहा पाजला. चहा! थू माझ्या जिनगानीवर. २९ तारखेला त्यांच्या चौकशीचा निकाल. नोकरी जाईल, वर गुन्हाही दाखल होईल म्हणतात.

१८ ऑगस्ट
पेस्ट लाल. सहा सेंटीमीटर. नानांना बोलावलं. त्यांनी पट्टी सोडली, पिवळी. मी सोडली, लाल. नाना म्हणाले, झोप घेत जा भाऊ.

२० ऑगस्ट
अकरा सेंटीमीटर. आबांनी टाकी रिकामी करून आतून पुसून घेतली. ठणठणीत कोरडी. मी कोरड्या टाकीत पट्टी सोडली. लाल! आणि वर ओढताना खालून कुणीतरी ती धरली. हिसका नाही, ओढाओढ नाही. वेणा देणारी बाई शेजारणीचा हात धरते, तशी.

२२ ऑगस्ट
बोटाची पेस्ट चुकून घोट्याला लागली. लाल झाली. पाय कोरडा होता. मग पोटरीला लावून बघितली, पिवळीच. म्हणजे पाणी घोट्यापर्यंत आलंय. माझ्यात.

२४ ऑगस्ट
गुडघे. वाकलो की आत डचमळतं. नानांनी विचारलं, कसला आवाज? मग ते लांब जाऊन बसले.

२५ ऑगस्ट
सांगायचंच ठरवलं. झुलालभाऊंच्या घराकडे निघालो तसं पाणी उतरत गेलं, पाय हलके झाले. दारात त्यांची बायको दिपमाला. म्हणाली, ते जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, तुम्ही तेवढे आलात, देवमाणूस आहात. मी — तब्येत विचारली आणि परत फिरलो. भेकड मी, भेकड! रस्त्यातच पाणी कमरेवर आलं.

२७ ऑगस्ट
छाती. दुपारी आडवा झालो तर नाकातून आलं. वर डिझेलचा रंगीत तवंग —

२८ ऑगस्ट
गळा. आबांकडे गेलो. खरंच सांगायला गेलो होतो. तोंड उघडलं तर शब्द नाही, पाणीच. आबा म्हणाले पित्त झालंय, निजा. बोलता येत नाही — लिहिता तर येतं —

२९ ऑगस्ट
निकाल अकराला. आता दहा. लिहिलं सगळं. हनुवटीवरून पाणी गळलं, ओळी गेल्या. दुसरं पान घेतलं. तेही गेलं. नाना, हे पान झुलालभाऊंच्या साहेबांकडे —
नऊ ऑगस्टला टाकीत पाणी होतं. मी बघितलं होतं. साडेचार सें
गेलं. पुन्हा.
नऊ ऑगस्टला टाकीत पाणी होतं. मी
पुन्हा. भाविका, जरा थांब गं, एवढं एक
नऊ ऑगस्टला टा