न वाचलेलं कलम

२५ फेब्रुवारी १७८८, हॅडलॉक

एक्झिटरहून, आमच्या राज्याच्या बैठकीहून परतलो. काहीही न ठरता! तेरा राज्यांच्या नव्या राज्यघटनेला 'नाही' म्हण, असं गावाने सभेत हात वर करून ठरवलं होतं, आणि तसं लिहून माझ्या खिशात घातलं होतं. मी मात्र दहा दिवस भाषणं ऐकून 'हो'कडे झुकलो. मी एकटाच नव्हे — कितीतरी प्रतिनिधींची हीच गत. मन एकीकडे, गावाचा हुकूम दुसरीकडे. शेवटी बैठकच जूनपर्यंत पुढे ढकलली. घरी जा, गावाकडून मोकळीक मागून या!

मी लाकडी पिंपं करणारा माणूस. तेरा राज्यं म्हणजे कडं न घातलेल्या तेरा फळ्या. जो तो आपल्या वेशीवर जकात घेतोय, उद्या एकमेकांवर बंदुका रोखतील. इंग्रजांशी आठ वर्षं लढलो ती याचसाठी?

२ मार्च

केझाया म्हणते, गावाने नाही सांगितलंय ना, मग नाही म्हणून मोकळे व्हा. कशाला विकतचं दुखणं घेता?

बायकोचं ऐकायला हवं होतं. पुढे असं म्हणावं लागेलच, म्हणून हे आजच लिहून ठेवतो.

१० मार्च

प्रार्थनाघरात सगळ्या गावाला घटना वाचून दाखवली. घसा बसला. चर्चचे कारभारी डीकन मॉल्टन घटनेच्या विरोधातले; मध्ये मध्ये खोकत होते, मुद्दाम.

एक वाक्य मी गिळलं.

चौथ्या कलमात आहे ते. एका राज्यातून पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला, तर मालकाने मागताच परत द्यायचा. तिथे पोचलो आणि समोरच्या बाकावर प्रायमस टास्कर दिसला. लढाईत पायात गोळी लागली तेव्हा ज्याने मला पाठीवर घालून चार मैल आणलं, तो प्रायमस. त्याला वाचता येत नाही. त्याची बायको डायना दक्षिणेतल्या मेरीलँडच्या मालकाकडून पळून आली, हे गावात फक्त मला आणि केझायाला माहीत. आज तिला इथून ओढून न्यायची कोणाची छाती नाही. हा कागद पास झाला की माणूस येईल, कागद दाखवेल, आणि आम्ही तिला बाहेर आणून देऊ.

पान उलटलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१४ मार्च

अंगात कसकस. साखरेसाठी मेपलच्या झाडांचा रस काढायला जाता आलं नाही. प्रायमसने आपली झाडं सोडून आधी माझ्या झाडांचा रस उतरवून दिला. वर विचारतो, पाय दुखतोय का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ मे

गावसभा. मला मोकळीक द्यायची की नाही? हात मोजले. एकतीस नाही, एकतीस हो. प्रायमसचा हात खालीच होता. डीकननी विचारलं, तुझं काय?

तो उठला, माझ्याकडे बोट दाखवलं. "असाहेल माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही," म्हणाला. "त्याच्या मनाला पटेल ते करू दे." आणि हात वर केला.

झालो मोकळा! देवा, बांधलेला होतो तेच बरं होतं. तेव्हा निदान गावावर ढकलता आलं असतं.

१९ जून, काँकर्ड

बैठक पुन्हा भरली, या वेळी इथे. एवढ्या लांब मेरीलँडहून कोण येतंय? शंभरदा स्वतःला सांगितलं. शंभरदा सांगावं लागतंय, यातच सगळं आलं.

आणि 'नाही' म्हटलं तर? देश फुटेल. दोन्ही खरं आहे. मी काय करू!

२१ जून

नाव पुकारलं. हो म्हणालो.

सत्तावन्न विरुद्ध सत्तेचाळीस. आम्ही नववं राज्य, नऊच हवी होती. म्हणजे आता सगळ्या देशाला लागू. बाहेर घंटा वाजताहेत, लोक टोप्या उडवताहेत. एका अनोळखी म्हाताऱ्याने रडत मला मिठी मारली. मी तबेल्यामागे जाऊन बसलो, घंटा थांबेपर्यंत.

२४ जून, हॅडलॉक

रविवारी प्रवास नाही म्हणून आज पोचलो. केझायाने आल्या आल्या सांगितलं, प्रायमस सकाळपासून गाडी भरतोय. उत्तरेला, सरहद्दीपलीकडच्या क्वेबेककडे निघालेत; तिथे हा कागद चालत नाही.

जायची हिंमत झाली नाही. हलकट आहे मी.

२५ जून

गेलो. वाचताना काय गाळलं ते सगळं सांगितलं. त्याने दोरी आवळत ऐकून घेतलं. डायना गाडीत बसलेली, माझ्याकडे बघितलंही नाही.

मग म्हणाला, "डायनाला वाचता येतं, असाहेल. मार्चमध्येच तिने छापलेला कागद मला वाचून दाखवला होता, तू गाळलेल्या वाक्यासकट."

म्हटलं, मग माझ्यासाठी हात का वर केलास रे?

"गावाने बांधून पाठवलं असतं, तर तू नाहीच म्हणाला असतास. मग तू कोण आहेस ते मला कसं कळलं असतं?"