लिंबू, तुरटी आणि उघडी खिडकी

बाळकुम, ठाणे
फेब्रुवारी १९९२

प्रिय शेवंते,

तुझी चिठ्ठी पोचली. शिमग्याला येतेस ती कायमची राहायलाच, सगळे कपडे घेऊन येतेस, नवऱ्याची, नामाची काही चूक नाही आणि कारण कुणी विचारायचं नाही. चार ओळींत एवढा मोठा संसार तू आवरलास. गुणाजीदादाला मी अजून काही बोललेले नाही. तुझा बाप सध्या अंगणात जाळं पसरून बसलेला असतो आणि लेक सणाला येणार म्हणून स्वतःशीच गुणगुणतो. त्याची ती खुशी मोडायची घाई मला नाही. आता कारण विचारायचं नाही हे मला सांगणं म्हणजे मांजराला मासळीच्या राखणीला बसवणं, कारण तुझ्या आत्याने जन्मभर दुसरं केलंय काय? पालिकेत विचारलं, कोर्टाच्या पायरीवर विचारलं, सभेत तर हात वर करकरून विचारलं. पण तुला विचारणार नाही. मीच सांगते. दार लावून घे, खाली बस आणि सावकाश वाच.

आधी इकडची हालहवाल. आपल्या मागच्या शेतात दोन इमारती उभ्या राहिल्या, तिसरीचा पाया खणलाय. तुझी आई पाटी घेऊन तिथे जाते. तिथल्या बायका कोलंबी निवडून निवडून घेतात आणि वर म्हणतात, मावशी, पाटी जिन्यात ठेवू नका हां, वास येतो. परवा वहिनीने ऐकवलं, बाय, ताटात येत नाय तो वास, जिन्यातच कसा येतो ग? सगळ्या हसल्या. कोलंबी गेली, पाटी मात्र अजून गेटाबाहेरच असते. वहिनीचा गुडघा दुखतो, पण तोंड एकदम ठणठणीत आहे.

वहिनीवरून आठवलं. तू लहान असताना पहाटे तिच्याबरोबर ठाण्याच्या बाजारात जायचीस, कोलंबी सोलायचीस, आणि तिथून परस्पर शाळेत. निघण्याआधी मोरीवरच्या दगडाशी तुझी धुलाई चाले. आधी लिंबाची फोड, मग तुरटीचा खडा, मग पुन्हा लिंबू. आपल्या घरोघरची रीत ती, मीही त्याच दगडाशी वाढले. पण वहिनी तुझे हात असे घासायची की बोटांची सालं निघत. तरी वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलीने नाक धरलं आणि बाईंनी तुला उचलून खिडकीशी बसवलं, वारा येतो म्हणून. मी शाळेत जाऊन जे बोलले ते शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. माझं पहिलं भाषण तेच, टाळ्या नसलेलं. बाईंनी तुला जुनी जागा परत दिली. तू मात्र शाळा संपेपर्यंत आपणहून खिडकीशीच बसत राहिलीस.

मग तू शहाणी झालीस. त्या दिवशी वहिनीने तुला काय सांगितलं, ते मी चुलीपाशी बसून ऐकलं होतं. आपल्या बाईला आधीच मासळीचा वास, त्यात हे आता दर महिन्याचं, तेव्हा रोज चांगलं घासून धूत जा, लोकांना नाव ठेवायला जागा ठेवू नको. तिने ते मायेने सांगितलं. तिला तिच्या आईने सांगितलं होतं. लेकीला कुणी नाक धरू नये, एवढीच त्या बाईची धडपड. बाहेरून पाणी ओतून आंघोळ कर, इतकाच तिचा अर्थ असावा. तू मात्र हातांचा नियम सगळ्या अंगाला लावलास.

मला हे कसं कळलं म्हणशील. संक्रांतीनंतर मी डोंबिवलीला तुझ्याकडे हळदीकुंकवाला आले होते. हात धुवायला न्हाणीघरात गेले, तर कट्ट्यावर पिळून चोथा झालेल्या लिंबाच्या फोडी, झिजून बोराएवढा झालेला तुरटीचा खडा आणि दवाखान्यात फरशी पुसतात त्या औषधाची बाटली. तुझ्या घरात महिन्यातून एकदा मासळी शिजते, तीही शेजारणी नसताना, मग हातांना एवढं कशाला? दाराच्या मागे परकर वाळत होता, त्याच्याखाली लपवलेले आतले कपडे. हात लावून पाहिले, दमट. बाहेर आले तर तू पलंगाच्या अगदी कडेला टेकलेली, सारखी जागा बदलत, जशी आग होणारी बाई बसते तशी. शेजारणी समोर होत्या म्हणून गप्प राहिले. माझ्यासारखीने गप्प राहणं म्हणजे काय ते तू जाणतेस. निघताना जिन्यात तू हसत हसत एकच वाक्य बोललीस, आत्या, हे हल्ली खिडकी उघडून झोपतात. एवढ्या थंडीत. आणि ते हसू तुझ्या डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

मला एकदम तो शाळेतला बाक दिसला ग.

तशीच मी कल्याणला गेले, माझ्या कांताकडे. तुला आठवत असेल, वहिनीच्या पायांना सूज आली होती तेव्हा घरी आलेली डॉक्टरीण. आम्ही कॉलेजात एका बाकावर होतो. तिला तिच्या चाळीवरून ऐकवायचे, मला मासळीवरून. दोघींनी मिळून ऐकवणाऱ्यांना पुरतं ऐकवलं. तुझं नाव मी घेतलं नाही, एक ओळखीची मुलगी म्हणाले. कांता म्हणाली, अगं आवडे, माझ्याकडे दर आठवड्याला अशी एक ओळखीची मुलगी येते.

मग तिने जे सांगितलं ते मी तुला माझ्या भाषेत सांगते, पण शब्द चोरणार नाही. तिथलं, खालचं, तसलं, असं बोलत बोलत आपण त्या जागेला अनोळखी करून टाकलंय. तिचं नाव योनी. प्रत्येक निरोगी बाईच्या योनीला स्वतःचा एक वास असतो. थोडा आंबूस, ताकाच्या गाडग्यासारखा. कारण दही लावणाऱ्या जंतूंच्या जातीचे जंतू तिथे राहतात आणि आतला आंबटपणा राखतात, म्हणजे वाईट जंतूंना थारा मिळत नाही. ते आपले राखणदार. पाळीच्या दिवसांत त्याच वासात लोखंडाची छटा येते, घाम आल्यावर तो उग्र होतो, नवऱ्याजवळ गेल्यावर बदलतो, गरोदरपणी पुन्हा वेगळा. महिन्याच्या मधल्या दिवसांत पातळ, पारदर्शक किंवा पांढरट स्राव जातो, तोही चांगलाच. आतली सफाई शरीर आपली आपण करतं, तो स्राव म्हणजेच ती सफाई. आत ना साबण लागत, ना औषध. लिंबू आणि तुरटी तर नाहीच नाही. कांता म्हणाली, लिंबाने आग होते, औषधाने राखणदार मरतात, आणि राखणदार मेले की खरा वाईट वास सुरू होतो. मग बाई घाबरून आणखी धुते. तू आज नेमकी त्याच भोवऱ्यात आहेस, शेवंते.

आणि दही आत लावायचं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. मला तुझं डोकं ठाऊक आहे.

मी विचारलं, मग रोग झाला हे ओळखायचं कसं? कांता पुस्तकी सुरात म्हणाली, करड्या रंगाचा पातळ स्राव जातो आणि माशासारखा वास येतो. मी तिथेच तिला अडवलं. कुठल्या माशासारखा ग? ताज्या जिताड्याचा वास वेगळा, सुकटीचा वेगळा, बर्फाविना दुपारपर्यंत राहिलेल्या बोंबलाचा वेगळा. तुमच्या पुस्तकात सगळी मासळी एकाच पाटीत टाकली का? कांता इतकी हसली की बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या. मग म्हणाली, उतरलेल्या मासळीसारखा, बाई, उतरलेल्या! बरं, हे आपल्याला कळतं. कोळ्याच्या पोरीला ताजं काय आणि उतरलेलं काय हे नाकाला शिकवावं लागत नाही. शेवंते, अख्ख्या डोंबिवलीत हे ओळखायला तुझ्याइतकं लायक नाक दुसरं नसेल, आणि तूच त्या नाकावर विश्वास ठेवायचं सोडलंस. नाकं धरणाऱ्यांनी तुला हेच शिकवलं की वास म्हणजे दोष. ताज्या मासळीलाही वास असतोच. ज्याला काहीच वास नाही ती मासळी मी तरी विकत घेणार नाही.

तेव्हा उतरलेला वास, खाज, जळजळ, फुटलेल्या दुधासारखा घट्ट किंवा हिरवट-पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणं, यातलं काही असेल तर लाजायचं नाही, घरगुती उपाय करायचे नाहीत, डॉक्टरीण गाठायची. बहुतेकदा थोड्या दिवसांच्या औषधाने बरं होतं. एरवी बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरे. शौचानंतर पुढून मागे धुवायचं, मागून पुढे नाही. कपडे सुती, सैल, आणि वाळवायचे उन्हात. हे उन्हाचं मी मुद्दाम लिहिते आहे. आपण बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगून भर उन्हात, साऱ्या गावासमोर वाळवतो, आणि अंगाला लागणारे कपडे परकराखाली अंधारात कोंडतो. माशाला जितकं ऊन देतो तितकं तरी बाईला द्या! हे वाक्य मी मोहने गावी कामगारांच्या वस्तीतल्या महिला सभेत म्हटलं, गेल्याच आठवड्यात. योनी शब्द उच्चारला तेव्हा माईकवाल्याने बिचकून आवाज बारीक केला. मी म्हटलं, भाऊ, वाढव तो आवाज, तूही तिथूनच आलास. मला वाटलं आता सभा उठते. मग मागून एक म्हातारी म्हणाली, खरं बोलते ती, वाढव रे. सभा संपल्यावर त्या बायकांनी मला पाऊण तास हलू दिलं नाही. प्रत्येकीची सुरुवात एकच, माझ्या ओळखीत एक बाई आहे…

त्या रांगेत मला तू दिसत होतीस. म्हणून तुझी चिठ्ठी आली तेव्हा मी दचकले नाही, नुसती दुखावले. कारण विचारू नका असं लिहिणारी मुलगी स्वतःला गुन्हेगार समजते आहे. नवऱ्याला आपला त्रास होतो, तो तोंडाने बोलत नाही इतका चांगला आहे, मग आपणच उठून जावं. असंच ना? बाईंनी सांगायची वाट न बघता खिडकीशी जाऊन बसावं, तसं. माहेरचं दार तुला कधीही उघडं आहे. नवरा हात उगारत असेल, टाकून बोलत असेल, तर मी स्वतः टेम्पो घेऊन येईन. पण आपल्या अंगाच्या लाजेने कुणी घर सोडत असेल, तर त्या लाजेला मी पाट मांडून देणार नाही.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. सकाळी नामा आला. तू त्याला धाडलं नव्हतंस, तू इकडे चिठ्ठी लिहिलीस हेही त्याला माहीत नाही. जाळ्यापाशी दादाच्या पायांना हात लावला, मग माझ्यासमोर उंबऱ्यावर बसला आणि कितीतरी वेळ नुसता सुतळीचा तुकडा वळत राहिला. तुझा नवरा बोलण्यात गरीब, तारा जोडण्यात हुशार. शेवटी म्हणाला, आत्या, शेवंती मना जवळ येऊ देत नाय. घरात शिरलं की दवाखान्यात शिरल्यासारखं होतं, त्या औषधाने डोळे चुरचुरतात, म्हणून मी खिडकी उघडतो. तिला वाटतं मी रागावलोय. लग्नात हळद उतरल्यावर तिच्या अंगाला तिचा म्हणून एक वास होता, तो मना आवडायचा, तो कुठे गेला? हे मी तिला कसं सांगू? मना लाज वाटते. तुम्ही भाषणं करता, तुम्हीच सांगा. मी जन्मात एवढ्या सभा गाजवल्या, पण इतकं सरळ वाक्य मला कधी बोलता आलं नाही. म्हणून त्याचं जसंच्या तसं उतरवून दिलं आहे. पाकीट मी चिकटवून त्याच्याच हातात देते आहे, आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. तू हे वाचशील तेव्हा तो बाहेर गॅलरीत उभा असेल. मंगळवारी कांता तुझी वाट बघणार आहे, मी कल्याण स्टेशनाबाहेर उभी राहते. शिमग्याला दोघं या, चार दिवस राहा आणि परत जा. तेवढी ती बाटली मोरीत ओत, आणि त्याला आत बोलाव. आज खिडकी लावायची की उघडी ठेवायची, ते दोघं मिळून ठरवा.

तुझ्या बाजूने सदैव भांडणारी,
तुझीच,
आवडाआत्या