छपराची मजुरी

१ मार्च

शाळेच्या छपराचा निधी आला! वर्षभर खेटे घातले, आणि आला तो आर्थिक वर्ष संपत आल्यावर. ३१ पर्यंत खर्च झाला नाही तर परत जाणार. विसरवाडीच्या ठेकेदाराला फोन केला. "एवढ्याशा कामाला मजूर कुठून आणू, मॅडम?" नको आणूस!

३ मार्च

शाळा समितीच्या अध्यक्ष प्रिस्किलाताई म्हणाल्या, "पत्रे तू आण. आपण लाहा करू." म्हणजे अख्खं गाव येऊन काम उरकणार, ज्याचं काम त्याने जेवू घालायचं. मजुरी नाही! मी तर उडालेच.

८ मार्च, शनिवार

सकाळची शाळा सुटली नि माणसं वर चढली. अब्राहामभाऊ छपरावरून ओरडतायत, "मॅडम, खाली उभी राहू नको, डोकं फुटेल!" कालीबाईंनी चूल मांडली. कोंबड्या माझ्या पगारातून — निधीत कोंबडी बसत नाही. अंधार पडायच्या आत छप्पर तयार.

१२ मार्च

तालुक्याच्या ऑफिसात हिशोब दिला. बाबू कागद उलटतोय, पालटतोय. "मजुरीनी पावती कोठे शे?" म्हटलं, गावाने फुकट केलं. "फुकट कोनी काम करस का, मॅडम?" उरलेले पैसे परत करा म्हणे. आणि मुलींच्या शौचालयाला दार नाही, त्याचं काय? "मंजुरी छप्परनी शे." असा संताप आला! बाहेर एक जण हळूच म्हणाला, "पावत्या करून टाका, कोण बघतंय?" नाही म्हणजे नाही.

१३ मार्च

समितीचा ठराव: बचतीतून शौचालयाचं दार नि पाण्याची टाकी. प्रिस्किलाताईंनी सही इतकी दाबून केली की कागद फाटला. पुन्हा लिहिला.

२१ मार्च

मंजूर!! तालुक्याचे साहेब हसत होते — "पैसे द्या म्हणणाऱ्या शाळा रोज येतात. उरले म्हणणारी पहिलीच."

२९ मार्च

पुन्हा लाहा, पुन्हा कोंबड्या. दार लागलं. मुली उगाचच कडी लावून बघतायत. हिशोब पूर्ण. आता निवांत झोपणार.

५ जुलै, शनिवार

शाळा सुटते तोच प्रिस्किलाताई दारात, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. "चल मॅडम. आज माझ्याकडे लाहा. भात लावायचा." मी? मला कुठे येतं! "तुझ्या दोन्ही लाहांना सगळे आले ना? आता घरोघर तुझी पाळी."

बाबूचं बरोबर होतं. फुकट कोणी काम करत नाही! कंबर पार गेली. जेवण मात्र झकास.

सोमवारी शाळा सुटली की अब्राहामभाऊंकडे.