सातव्या क्रमांकाची कॅसेट

चि. मेहुणे महाशयांस,

दोन्ही कानांसह अनेक आशीर्वाद. (कान अजून जागेवर आहेत हे कळावं म्हणून मुद्दाम लिहिलं.) तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या शेजाऱ्यांची कशी आहे? इकडे तुझी ताई ठीक, मी ठीक. माझा दातांचा दवाखाना मात्र सोमवारपासून ठीक नाही.

तुझी कॅसेट पोचली. पॉलिश पेपरात गुंडाळलेली, वर हाताने आकडा : चाळीसपैकी सातवी. चाळीसवरच थांबलास, ही मर्यादा पाळल्याबद्दल समाज तुझा ऋणी आहे. गोंगाटालाच संगीत मानायच्या या प्रकाराला ‘हार्श नॉइज’ आणि ‘पॉवर इलेक्ट्रॉनिक्स’ म्हणतात असं तू चिठ्ठीत कळवलंस. त्यातलं दुसरं नाव तुझ्या वडिलांनी वाचलं आणि मुलगा पुन्हा इंजिनियरिंगला लागला म्हणून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. त्यांना खरं काय ते तू येऊन सांग. मला दात उपटायचं काम पुरतं.

तर सोमवारी सकाळी आमच्या रिसेप्शनच्या बाईंनी, पेशंटना धीर यावा म्हणून आम्ही बासरी लावतो त्या टेपमध्ये, चुकून तुझी कॅसेट घातली. बाहेर पाचजण बसलेले. आधी खरखर, मग शिट्टी, मग पत्र्यावरून कोणी कपाट ओढत न्यावं तसं काहीतरी. मी आत एकाच्या दाढेचं माप घेत होतो. तो तोंडातल्या साच्यासकट पळाला, त्याच्यामागोमाग बाहेरचे चौघे. मी टेपपाशी धावलो आणि थिजलोच. त्या गदारोळात माझं ड्रिल होतं! रोज कानाशी वाजणारं ड्रिल मी ओळखणार नाही? गेल्या वर्षी ‘भावोजी, तुमचं काम बघत बसतो’ म्हणून कोपऱ्यात बसलास, तो खिशात यंत्र घेऊन! आणि वर एका बाईची किंकाळी. पेशंटचं ओरडणं न विचारता विकणं याला कला म्हणत नाहीत, चोरी म्हणतात.

पाचव्या बाई मात्र हलल्या नव्हत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, गेल्या वर्षीच मी त्यांची अक्कलदाढ काढली होती. मी टेप बंद करायला गेलो तर म्हणाल्या, “राहू द्या डॉक्टर. ही मीच आहे.”

मी तिथल्या तिथे हात जोडून माफी मागितली, पण त्यांचं लक्षच नव्हतं. दुसरी बाजूही त्यांनी पूर्ण ऐकली. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “छत्तीस वर्षं पोरांना ‘आवाज नको’ म्हणत आले. माझाच एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं हो.” आणि दात न दाखवताच निघून गेल्या.

मला हसूही येईना, तुझ्यावर धड रागही धरता येईना. तरी बजावतो, यापुढे आधी विचारत जा. माझे निम्मे पेशंट वकील आहेत.

तुझ्या ताईचा नवरा

ता. क. : बाई काल पुन्हा आल्या होत्या. त्यांना एक कॅसेट हवी आहे. चाळीसही खपल्या म्हणतोस (कोणाला, ते विचारत नाही), तर एकेचाळिसावी काढ. मर्यादा गेली खड्ड्यात. त्यांनी लेखी परवानगी दिली आहे, ती सोबत जोडतो. तुझ्या चिठ्ठीतल्या शुद्धलेखनाच्या तीन चुकाही त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केल्या आहेत.

आणखी एक : पाकिटात एक टेपही आहे. दात साफ करायचं नवं मशीन घेतलंय, त्याचा आवाज बारीक पण चावरा आहे. दवाखाना बंद करून मीच आरशासमोर आ वासून बसलो होतो. ओरडणं जरा खोटं वाटतंय का, ते मोकळेपणाने कळव. ताईला ऐकवू नकोस.