कुरुंदवाडच्या यादीतले खोटे अंगठे

आले: ब्लँकेटे २४०, दर रु. ३१०, एकूण रु. ७४,४००.
बिलात लिहिले: ब्लँकेटे ४००, दर रु. ४५०, एकूण रु. १,८०,०००.
अक्षर माझे. म्हणून मृत्युपत्राची सुरुवात इथूनच.

मी, श्रीमती संयोगिता गणपतराव इंगवले, वय ६९, मॅट्रिक, राहणार उचगाव, जि. कोल्हापूर, साखर आणि रक्तदाब सोडता धडधाकट आहे, डोके ठिकाणावर आहे आणि हे कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. एकदा तसे लिहिले, तेवढे पुरे.

कलम १. म्हशींच्या दुधावर घेतलेले माझे दोन खोल्यांचे घर मुलगा विजयसिंह यास. देवघर हलवू नये. शिलाई मशीन सूनबाई राजनंदिनीस. तिने महिन्याला तेल घालावे, घालत नाही.

कलम २. पुतण्या उदयसिंह यास काही नाही. नेलेली शिडीसुद्धा अजून दिलेली नाही. २०१९ च्या महापुरानंतर परदेशी संस्थेची मदत कुरुंदवाडात तो वाटायचा, हिशेब मी लिहायचे. "काकी, गोऱ्यांचा पैसा हाय, कुणाच्या बापाचं काय जातंय? लिवा की." मी लिहिले. न आलेल्या १६० ब्लँकेटांसाठी मतदारयादीतली नावे घातली आणि दहाही बोटे फिरवून अंगठे उठवले. मला अकरा हजार मिळाले. त्यांची देवीला चांदीची प्रभावळ केली. हात जोडते, पण वर बघवत नाही. ती मोडून येईल ती रक्कम संस्थेस पाठवावी.

कलम ३. पोस्टातली ठेव रु. ३,१०,००० विठाबाई ज्ञानू गवंडी, कुरुंदवाड, यांस. विजयसिंह, रागावण्याआधी कारण वाच. संस्थेचे साहेब तपासणीला आले तेव्हा कुरुंदवाडच्या शाळेच्या पटांगणात यादीत आपल्या नावापुढे अंगठा बघून विठाबाई ओरडल्या, "मी चौथी शिकलोय, सही करतोय की! अंगठा कशाला दिऊ?" लोक म्हणाले, "काकींना इचारा. देवाधर्माच्या हायत, खोटं बोलायच्या न्हाईत." त्या दिवशी माझा मंगळवारचा उपवास होता. मी म्हणाले, "अंगठा त्यांचाच आहे."

संस्थेने खोटारडी ठरवून घरबांधणीच्या यादीतून त्यांचे नाव काढले. सहा वर्षे त्या पत्र्याखाली राहतात. बाजारात पोरे "ब्लँकेट, ब्लँकेट" म्हणून चिडवतात.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: संयोगिता ग. इंगवले
साक्षीदार: १. धवल शहा, औषध दुकानदार २. वर्षाराणी माने, शिक्षिका
उचगाव, १४ ऑक्टोबर २०२५

ता. क. विठाबाई, ही नक्कल तुम्हाला रजिस्टरने पाठवते, दुसरी संस्थेच्या कचेरीला. लिहून झाल्यावर कळले, मेल्यावर खरे सांगणे म्हणजे पुन्हा पळून जाणेच. ठेव याच महिन्यात मोडून तुम्हाला देते. पण गेलेले नाव पैशाने परत येत नाही. खोटे चारचौघांत बोलले, खरेही त्याच पटांगणात बोलायचे आहे. तुम्ही समोर असाल त्या दिवशीच येईन. कधी येऊ, ते उलट टपाली कळवावे.